ताकदीची गोळी, एचआयव्हीची गोळी आणि मधले सहा तास

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला तीन वर्षांपासून एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) चालू आहे. सरकारी केंद्रातून रोज एकच गोळी मिळते. व्हायरल लोडचा (रक्तातल्या विषाणूंच्या संख्येचा) अहवाल चांगला आला आहे, तरी त्याला थकवा जाणवतो. ओळखीच्या एका गृहस्थांनी झिंक, सेलेनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह असलेली ताकदीची गोळी सुचवली. ‘याने सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, वाढतात’ असं ते म्हणाले. विसरायला होऊ नये म्हणून भाऊ सकाळी उठल्याबरोबर दोन्ही गोळ्या एकदमच पाण्याबरोबर घेतो. हे चालेल का? पालक, नाचणी, दूध यांत हेच क्षार असतात आणि ते चालतात, मग गोळी चालायला काय हरकत आहे? (नाव-गाव छापू नये ही विनंती.)

उत्तर : तुमच्या एका पत्रात तीन शंका आहेत. क्षारांनी एचआयव्हीच्या उपचारात भर पडते का, भावाने ते घ्यावेत का, आणि दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या तर काय होतं. तिसरी शंका सर्वांत तातडीची, म्हणून आधी तिचंच उत्तर देतो. उपाशी पोटी या दोन गोळ्या एकत्र घेणं आजपासून थांबवायला हवं. मात्र बंद करायची किंवा लांबवायची ती ताकदीची गोळी. एआरटीची गोळी एक दिवसही थांबवू नका.

आता कारण पाहू. आपल्याकडच्या केंद्रांतून बहुतेक प्रौढ रुग्णांना आज जी गोळी मिळते तिला टीएलडी म्हणतात. तिच्यात टेनोफोविर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन 300 मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम अशी तीन औषधं असतात. यातलं तिसरं औषध इथे महत्त्वाचं आहे.

एचआयव्हीचा विषाणू पेशीत शिरला की तो स्वतःचा वारसा आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये टाचून टाकतो. हे टाचण्याचं काम इंटिग्रेज नावाचं विकर करतं. या विकराच्या ऐन कामाच्या जागी मॅग्नेशियमचे दोन आयन बसलेले असतात आणि त्यांच्याशिवाय ते लंगडं पडतं. डोल्युटेग्राविरच्या रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू एका रांगेत असतात. ते या दोन मॅग्नेशियमना चिमट्यासारखे पकडून बसतात. विकराचं काम तिथेच थांबतं आणि विषाणूची टाचणी लागत नाही.

म्हणजे हे औषध गुणकारी आहे ते धातूला पकडण्याच्या गुणामुळेच. पण हा चिमटा पोटातला धातू आणि विकरातला धातू असा भेद करत नाही. तुमचा भाऊ सकाळी दोन्ही गोळ्या गिळतो, त्या जठरात शेजारीशेजारी विरघळतात आणि औषधाला समोर कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, जस्त यांची गर्दी दिसते. चिमटा तिथेच मिटतो. धातूला चिकटलेलं औषध आतड्याच्या भिंतीतून नीट पलीकडे जात नाही आणि शौचावाटे निघून जातं. गोळी घेतल्याचं समाधान मिळतं, रक्तात औषध मात्र कमी पोचतं.

किती कमी, हे निरोगी स्वयंसेवकांवर मोजून पाहिलेलं आहे. उपाशी पोटी डोल्युटेग्राविरसोबत 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट दिलं तेव्हा शरीराला मिळालेलं औषध साधारण 39 टक्क्यांनी घटलं. 324 मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटसोबत ते 54 टक्क्यांनी घटलं. पित्तावर घेतात त्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या पातळ औषधासोबत तर घट 74 टक्क्यांवर गेली. तेव्हा छातीत जळजळते म्हणून घेतलेला चमचाभर अँटासिडही या हिशेबात धरा. ते औषध आहे असं आपल्याला वाटतच नाही आणि डॉक्टरांना सांगायचं राहून जातं.

हे ऐकून घाबरू नका. एखाददुसऱ्या दिवशी अशी चूक झाली तर डोल्युटेग्राविर सांभाळून घेतं, ते बळकट औषध आहे. पण रोज सकाळी, महिनोन्‌महिने असं होत राहिलं तर विषाणूला अर्धवट औषधात वाढायची आणि औषधाला सरावायची संधी मिळते. ती का द्यायची?

पत्रातला पालक-नाचणीचा मुद्दा अगदी योग्य आहे. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे एखाद्या गोळीच्या तोडीचं. तरी नाचणीची भाकरी खाऊन टीएलडी घेतली तर काही बिघडत नाही. कारण भाकरीतलं कॅल्शियम पिठाच्या, कोंड्याच्या घट्ट विणीत अडकलेलं असतं आणि पचन होईल तसतसं हळूहळू सुटतं. गोळीतलं कॅल्शियम मिनिटांत एकदम मोकळं होतं. शिवाय भरल्या पोटात अन्न औषधाला आणि धातूला एकमेकांपासून दूर ठेवतं, औषधाचं शोषणही सुधारतं. वर सांगितलेल्या प्रयोगातच कॅल्शियम किंवा लोह जेवणाबरोबर दिलं तेव्हा औषधाची घट जवळपास नाहीशी झाली होती.

यातून नियम असा निघाला : टीएलडीची गोळी क्षारांच्या गोळीच्या किमान 2 तास आधी घ्यावी, नाहीतर क्षारांची गोळी घेतल्यावर 6 तासांनी घ्यावी. कॅल्शियम किंवा लोहाच्या बाबतीत दोन्ही गोळ्या भरपेट जेवणाबरोबर एकत्र घेतल्या तरी चालतात. अँटासिडला मात्र जेवणाची ही सवलत नाही, तिथे 2 आणि 6 तासांचं अंतर पाळायचंच. जस्ताच्या वेगळ्या गोळीलाही अंतर ठेवणंच बरं.

तुम्ही म्हणाल, आमच्या शेजारच्या काकांना पंधरा वर्षं एआरटी चालू आहे, त्यांना कुणी हे सांगितलं नाही. खरं आहे. त्यांच्या जुन्या गोळीत डोल्युटेग्राविरऐवजी इफाव्हिरेन्झ असायचं आणि ते धातूला पकडत नाही. गोळी बदलली तेव्हा नियमही बदलला. जुन्या रुग्णाचा सल्ला प्रेमाचा असतो, पण तो कधीकधी जुन्या गोळीचा असतो.

आता ‘सीडी-फोर वाढतात’ या दाव्याकडे वळू. तो हवेतून आलेला नाही, त्यामागे खरी निरीक्षणं आहेत. एचआयव्ही असलेल्यांच्या रक्तात सेलेनियम आणि जस्त बऱ्याचदा कमी सापडतं. औषधं सर्रास मिळत नव्हती त्या काळात असंही दिसलं होतं की सेलेनियम फार कमी असलेले रुग्ण लवकर दगावतात. त्यावरून ‘क्षार कमी म्हणून आजार वाढतो, तेव्हा क्षार द्या’ असा निष्कर्ष सहज निघतो.

गोम इथेच आहे. शरीरात संसर्ग पेटलेला असतो तेव्हा शरीर स्वतःच रक्तातलं जस्त उचलून यकृतात नेऊन ठेवतं. जुलाबांवाटे क्षार जातात, आतडं सुजलेलं असलं की शोषण घटतं, तोंड आलेलं असलं की जेवण घटतं. म्हणजे पुष्कळदा आजार वाढला म्हणून क्षार कमी दिसतात. धूर दिसतो म्हणून धुरावर पाणी ओतून आग विझत नाही. खरी आग विषाणूची, आणि ती विझवते एआरटी.

तरीही शास्त्रज्ञांनी क्षार देऊन पाहिले, आणि प्रामाणिकपणे पाहिले. सेलेनियमपासून सुरू करू. 2007 साली अमेरिकेतल्या मायामीच्या संशोधकांनी रोज 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम देऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या रक्तात सेलेनियम चांगलं वाढलं त्यांचा विषाणू आटोक्यात राहिला असं त्यात दिसलं आणि बातम्या झाल्या. पण सेलेनियम मिळालेल्यांतूनच ‘ज्यांच्यात वाढलं’ आणि ‘ज्यांच्यात वाढलं नाही’ असे दोन गट नंतर पाडलेले होते. जे नेमाने गोळ्या घेतात, नीट जेवतात, ते मुळातच वेगळे असू शकतात. त्यामुळे श्रेय सेलेनियमचं की नेमाचं, हे सांगता येईना.

2013 साली बोट्स्वानातल्या 878 जणांवरचा मोठा अभ्यास आला. यातल्या कुणाचीही एआरटी सुरू झालेली नव्हती. ब, क, ई जीवनसत्त्वं आणि सेलेनियम एकत्र मिळालेल्यांचे सीडी-फोर घसरण्याचा धोका निम्म्याच्या आसपास आला, पण नुसत्या सेलेनियमचा किंवा नुसत्या जीवनसत्त्वांचा तसा स्पष्ट उपयोग दिसला नाही. 2015 मध्ये रवांडातल्या 300 जणांत नुसत्या सेलेनियमने सीडी-फोर घसरण्याचा वेग मंदावला, व्हायरल लोड मात्र जागचा हलला नाही.

हे निकाल वाचताना एक गोष्ट विसरायची नाही. बोट्स्वाना आणि रवांडातले लोक अजून एआरटी न लागलेले होते. त्या काळी सीडी-फोर ठरावीक पातळीखाली उतरल्यावरच औषध सुरू करत, तेव्हा ‘औषध लागेपर्यंतचा काळ लांबवता येईल का’ हा त्या अभ्यासांचा प्रश्न होता. आज तो प्रश्नच राहिलेला नाही. भारतात 2017 पासून सीडी-फोर कितीही असले तरी निदान झाल्याबरोबर उपचार सुरू करायचे असं धोरण आहे. तुमच्या भावाचा विषाणू औषधाने दाबला गेला आहे. सेलेनियम जे थोडंसं करू पाहत होतं त्याच्या कितीतरी पुढचं काम त्याची रोजची गोळी करून मोकळी झाली आहे.

जस्ताची गोष्ट याहून जरा आशेची आहे. सुरुवातीला त्याची भीतीच होती, कारण विषाणूच्या काही प्रथिनांना आपला आकार टिकवायला जस्त लागतं. आपण जस्त देऊन विषाणूलाच खतपाणी घालू का, अशी शंका होती. दक्षिण आफ्रिकेतल्या 96 मुलांपैकी साधारण निम्म्यांना सहा महिने रोज 10 मिलिग्रॅम जस्त देऊन 2005 मध्ये ही शंका मिटवली गेली : विषाणू वाढला नाही, उलट मुलांचे पातळ जुलाब कमी झाले. 2010 मध्ये मायामीतल्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात जस्त कमी होतं अशाच 231 प्रौढांपैकी साधारण निम्म्यांना 18 महिने जस्त दिलं, बायकांना 12 आणि पुरुषांना 15 मिलिग्रॅम. प्रतिकारशक्ती ढासळण्याचं प्रमाण त्यांच्यात चौपटीने घटलं, जुलाबही निम्म्याहून कमी झाले. पण विषाणूच्या संख्येत आणि मृत्यूंत फरक पडला नाही. याउलट टांझानियातल्या 400 एचआयव्हीबाधित गरोदर बायकांपैकी निम्म्यांना रोज 25 मिलिग्रॅम जस्त दिलं तेव्हा फायदा काहीच दिसला नाही, हिमोग्लोबिनही इतर बायकांत वाढलं तेवढं वाढलं नाही.

एकच धातू एकीकडे गुण देतो आणि दुसरीकडे नाही, हे कोडं नीट पाहिलं तर सुटतं. मायामीतल्या माणसांत कमतरता आधी मोजली होती आणि डोस साधारण रोजच्या गरजेएवढाच होता. घागर रिकामी होती, ती भरली. भरलेल्या घागरीत ओतलेलं पाणी सांडतं. जस्ताच्या बाबतीत तर सांडून थांबत नाही, घसरगुंडीही होते : जास्तीचं जस्त दीर्घकाळ घेतलं की आतड्यात तांब्याचं शोषण अडतं, आणि तांबं कमी पडलं की रक्त कमी होतं, नसा दुखावतात. म्हणजे थकव्यावर घेतलेली गोळी थकवाच वाढवू शकते.

‘थोड्याने गुण, तर पुष्कळाने पुष्कळ गुण’ हा समज इथे मोडून काढायला हवा. दार-ए-सलाममध्ये एआरटी सुरू करणाऱ्या 3418 जणांवर झालेला 2012 चा अभ्यास यासाठी लक्षात ठेवावा. तो जीवनसत्त्वांचा होता. रोजच्या गरजेएवढा डोस आणि त्याच्या अनेक पट डोस यांची तुलना त्यात केली. मोठ्या डोसने ना मृत्यू कमी झाले ना आजार, उलट यकृताला त्रास होत असल्याच्या खुणा रक्तात दिसू लागल्या आणि अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. 2017 मध्ये प्रौढांवरच्या अशा 33 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. सूक्ष्म पोषकांच्या गोळ्यांनी मृत्यूंवर जवळपास परिणाम होत नाही, हाच त्यांचा गोळाबेरीज अर्थ निघाला.

तेव्हा डबीवरचे आकडे वाचायला शिका. सेलेनियम मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि 1000 मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम होतो. प्रौढाला दिवसाला चाळीस ते पंचावन्न मायक्रोग्रॅम पुरतात आणि 400 च्या वर जाऊ नये. जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होऊन झडतात. पंजाबातल्या होशियारपूर-नवांशहर भागात जमिनीतच सेलेनियम जास्त असल्याने माणसांत आणि जनावरांत हे पाहिलेलं आहे. जस्ताची वरची मर्यादा दिवसाला 40 मिलिग्रॅमची. कोविडच्या दिवसांत घरोघर आलेल्या 50 मिलिग्रॅमच्या गोळ्या वर्षभर चालू ठेवण्यासाठी नाहीत.

मग भावाच्या थकव्याचं काय? तो खरा आहे आणि त्याचं कारण शोधायला हवं. हिमोग्लोबिन, ब-12, थायरॉइड, साखर, मूत्रपिंडाचं काम, आणि खोकला, रात्रीचा घाम किंवा वजनात घट असेल तर टीबी. झोप लागते का, मनावर ओझं आहे का, हेही विचारा. कित्येक घरांत हा आजार दारं लावून सांभाळला जातो आणि त्या दारांचंही वजन अंगावर येतं. तपासणीत लोह किंवा जस्त खरोखर कमी निघालं तर डॉक्टर ते देतील, डोस आणि मुदत ठरवून. कॅल्शियमलाही जागा आहे. टेनोफोविरने हाडांची घनता थोडी उतरते. 2015 च्या एका अभ्यासात नव्याने टेनोफोविर घेऊ लागलेल्यांना रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 4000 युनिट ड जीवनसत्त्व दिल्यावर ही झीज साधारण निम्म्यावर आली. पण हाडं दुखतात म्हणून परस्पर कॅल्शियम सुरू करू नका. टेनोफोविरमुळे क्वचित मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जातं आणि दुखण्याचं मूळ तिथे असतं, कॅल्शियमने ते जात नाही.

प्रश्न : मी गरोदर आहे आणि टीएलडी घेते. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही दिल्या आहेत. वरचं कळल्यावर त्या बंद कराव्यात का?

उत्तर : मुळीच नाही. तुमच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या खऱ्या गरजेच्या आहेत, आणि टीएलडी तर बाळापर्यंत विषाणू पोचू नये म्हणून आहे. तिघींना फक्त वेळा वाटून द्यायच्या आहेत. लोहाच्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं, कॅल्शियमच्या गोळीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम. हे दोघंही एकत्र घेत नाहीत, कारण कॅल्शियम लोहाची वाट अडवतं.

समजा टीएलडी रात्री नऊला जेवणानंतर घेता. मग कॅल्शियमची एक गोळी सकाळच्या न्याहारीबरोबर, लोहाची दुपारच्या जेवणानंतर तासाभराने, तीनच्या आत. रात्रीच्या नऊपर्यंत सहा तास होतात. कॅल्शियमची दुसरी गोळी रात्रीच्या जेवणातच टीएलडीबरोबर घेता येते, कारण पोट भरलेलं असतं. तिन्ही गोळ्या घेऊन एकदा एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांसमोर बसा आणि वेळा तुमच्या पुस्तकात लिहून घ्या. लोहाच्या गोळीच्या मागेपुढे चहा मात्र टाळा. लिंबू पिळलेलं वरण किंवा आवळा चालेल, त्याने लोह चांगलं लागतं.

प्रश्न : लसूण, बीट किंवा भस्मं घेऊन एआरटी बंद करता येते असं ऐकलं. यात तथ्य आहे का?

उत्तर : नाही, आणि या ऐकीव गोष्टीची किंमत एका देशाने मोजली आहे. दक्षिण आफ्रिकेत 2000 नंतरच्या वर्षांत खुद्द आरोग्यमंत्री मँटो चबालाला-म्सिमांग लसूण, बीट आणि लिंबाची भलामण करत होत्या. 2006 च्या टोरांटोमधल्या जागतिक एड्स परिषदेत त्या देशाच्या दालनात लसूण आणि लिंबं मांडलेली होती. त्याच काळात जीवनसत्त्वांच्या गोळ्या एड्सवर इलाज म्हणून विकल्या जात होत्या. 2008 मध्ये केप टाउनच्या उच्च न्यायालयाने तो प्रकार बेकायदा ठरवला. औषधं वेळेवर न दिल्यामुळे तीन लाख तीस हजारांहून जास्त माणसं गेली असा हार्वर्डच्या संशोधकांचा 2008 चा अंदाज आहे. लसूण निर्दोष आहे. माणसं गेली ती लसणाने नव्हे, लसणाच्या भरवशावर औषध राहिलं म्हणून.

भस्मांबद्दल वेगळी काळजी घ्यावी. लोहभस्म म्हणजे लोह, यशदभस्म म्हणजे जस्त, शंखभस्मात मुख्यतः कॅल्शियम. नाव आयुर्वेदाचं असलं तरी धातू तोच, तेव्हा डोल्युटेग्राविरच्या चिमट्याला तो सापडू शकतो. वैद्यांना एआरटीबद्दल आणि एआरटीच्या डॉक्टरांना भस्माबद्दल, दोन्हीकडे मोकळेपणाने सांगा.

आणि क्षार हवेतच, तर त्यांचा जुना रस्ता स्वयंपाकघरातून जातो. मटकीला मोड आणले, पीठ आंबवून आंबोळ्या केल्या की धान्या-कडधान्यांतलं फायटेट घटतं. हे फायटेटच जस्ताला आणि लोहाला धरून ठेवतं, ते सुटलं की क्षार अंगी लागतात. आपल्या आज्यांना हे रसायन ठाऊक नव्हतं, मोड आलेली मटकी पोटाला बरी असते एवढं ठाऊक होतं. नाचणीची आंबील, तीळ, दाणे, परवडत असेल तर अंडं, किनारपट्टीला मूठभर सुका जवळा. एचआयव्ही असलेल्या, पण लक्षणं नसलेल्या माणसाला साधारण दहा टक्के जास्त उष्मांक लागतात, म्हणजे ताटात एखादी भाकरी जास्त.

पहिल्या पत्रलेखकांना एवढंच सांगतो : त्या ताकदीच्या गोळीला दर महिन्याला जे पैसे जातात ते भावाच्या रक्ताच्या तपासणीला आणि रोजच्या दोन अंड्यांना लावा. पुढच्या वेळी केंद्रात जाताना ती डबी पिशवीत टाका आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. जवळ कुणी विचारायला नसेल तर 1097 हा मोफत क्रमांक आहे. आणि उद्या सकाळी भाऊ उठला की त्याच्या हातावर एकच गोळी असू द्या, केंद्रातून मिळालेली.